दहापासून अठरापर्यंत

(सामुदायिक रेडिओवरील ‘घरची वाट, कायद्याची वाट’ या मालिकेतलं भाषण)



मागच्या महिन्यात आपण पॉक्सो कायद्यावर बोललो. कार्यक्रम संपला आणि केंद्रावर एका आजींचा फोन आला. त्यांनी नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. ऐंशी सरली म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बाई, हे सगळं आत्ताच्या पोरींसाठी बरं आहे. आमच्या वेळेला कुठं होता कायदा? महाराष्ट्र व्हायच्या तीन वर्षं आधी माझं लगीन झालं. तेरावं सरलं नव्हतं. न्हाण आलं, मखरात बसवलं, आणि पंधरवड्यात नवऱ्याच्या घरी. तवा सरकार झोपलं होतं का?”

मी फोनवर काहीतरी बोलले, पण नीट उत्तर देता आलं नाही. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. राजांच्या सनावळ्या मला पाठ आहेत. पण मुलीच्या अंगाला हात लावणं हा गुन्हा कितव्या वर्षापर्यंत मानायचा, याचाही एक इतिहास आहे आणि तो मी कधी वर्गात सांगितला नव्हता. आज तो सांगते. आजी ऐकत असतील तर हे त्यांच्यासाठी आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. संमतिवय. मूल ‘हो’ म्हणालं, तरी त्या ‘हो’ला काही अर्थ आहे का? सहा वर्षांच्या पोरीनं हसतहसत घराच्या कागदावर अंगठा उठवला, तर आपण घर विकलं असं मानत नाही. तिला कळत नाही हे आपल्याला कळतं. शरीराच्या बाबतीतही कायदा एक वय ठरवतो. त्या वयाखाली ‘ती हो म्हणाली होती’ ही सबब चालत नाही. ते वय म्हणजे संमतिवय.

आपल्याकडे हे वय लेखी स्वरूपात आलं १८६० साली. इंग्रज सरकारनं भारतीय दंड संहिता केली आणि ती १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिचं ३७५वं कलम बलात्काराचं. त्यात संमतिवय लिहिलं होतं दहा. दहा वर्षांच्या आतल्या मुलीशी संबंध आला तर तो गुन्हा, तिची संमती विचारायचीच नाही. त्याच कलमाला खाली एक अपवाद जोडला होता: नवऱ्यानं स्वतःच्या बायकोशी केलेला संबंध बलात्कार नाही, मात्र बायको दहाच्या आतली नसावी. म्हणजे दहा पूर्ण झालेली मुलगी सरकारदरबारी बाई झाली.

दहा म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको. चौथी-पाचवीतली पोर. दुधाचे दात पडून संपलेले नसतात.

त्या काळात हे कुणाला फारसं खुपलं नाही, कारण मुलींची लग्नंच आठव्या-नवव्या वर्षी होत. आपली पहिली डॉक्टर आनंदीबाई जोशी घ्या. जन्म १८६५चा. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी ती बाळंतीण झाली आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून तिला डॉक्टर व्हावंसं वाटलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण चौदा वर्षांच्या मुलीला मूल झालं याबद्दल आपण धड्यात थांबत नाही. त्या वेळच्या कायद्यातही थांबायला जागा नव्हती. तिचं वय दहाच्या पुढं होतं, म्हणजे सगळं रीतसर.

रीतसर नाही असं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं ते एका मराठी मुलीनं. रखमाबाई. तिचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. पण ती आईकडेच वाढली. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी पुस्तकं होती, ती तिनं वाचली. पुढं नवऱ्यानं नांदायला ये म्हटलं, ती नाही म्हणाली. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईचं म्हणणं साधं होतं: जे लग्न मला न कळत्या वयात लावलं, ते मला बांधू शकत नाही.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. गदारोळ झाला. अपील झालं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईनं तुरुंग पत्करते असं कळवलं. अखेर १८८८ साली तडजोड झाली, दोन हजार रुपये देऊन दावा मिटला. ती विलायतेला गेली, डॉक्टर होऊन परत आली आणि सुरत व राजकोट इथे तिनं कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले.

रखमाबाईचा खटला बलात्काराचा नव्हता. पण ‘न कळत्या वयात’ हे तीन शब्द तिनं कोर्टाच्या कागदावर आणले. त्याच वर्षी, १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारी नावाच्या पारशी पत्रकारानं बालविवाहाविरुद्ध टिपणं छापून सगळ्या हिंदुस्थानात वाटली होती. लोक वाद घालू लागले होते. पण नुसत्या वादानं कायदा हलला नाही. तो हलला एका पोरीच्या मरणानं.

१८९० साल. कलकत्ता. फुलमणी दासी, वय साधारण अकरा. नवरा हरी मोहन मैती, तिच्याहून कितीतरी मोठा. लग्न झालेलं होतं. एका रात्री नवऱ्यानं केलेल्या संबंधात तिला जबर इजा झाली आणि रक्तस्राव होऊन ती मेली. खटला उभा राहिला. पण बलात्काराचं कलम लावता येईना, कारण ती दहाच्या वर होती आणि बायको होती. शेवटी बेदरकारपणे गंभीर इजा केल्याच्या कलमाखाली त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एका मुलीचा जीव गेला, आणि तिच्यावर जे झालं त्याला कायद्यात नावच नव्हतं.

देशात काम करणाऱ्या पन्नासाहून जास्त स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. त्यांनी धर्म, रूढी यावर वाद घातला नाही. आमच्या दवाखान्यात अशा अवस्थेत मुली आणल्या जातात म्हणून त्यांनी एकेक उदाहरण मांडलं: कुणी लुळी झालेली, कुणी मेलेली. त्यांनी चौदा वर्षांची मागणी केली होती.

जानेवारी १८९१ मध्ये सरकारनं विधेयक आणलं. चौदा नाही, बारा. दहाचे बारा करायचे, एवढंच. त्यावर पुण्या-मुंबईत आणि कलकत्त्यात जे वादळ उठलं, ते वाचताना आज नवल वाटतं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की मुलीला न्हाण आलं की ठरलेल्या दिवसांत गर्भाधानाचा संस्कार व्हायलाच हवा. एखादीला बाराच्या आत न्हाण आलं तर कायद्यामुळं धर्म मोडेल. लोकमान्य टिळक ‘केसरी’तून या विधेयकाच्या विरोधात उभे राहिले. त्यांची भूमिका नीट सांगायला हवी. ते बालविवाह चांगला म्हणत नव्हते. मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, अशी बंधनं लोकांनी आपणहून घ्यावीत असं त्यांनी सुचवलं होतं. परक्या सरकारनं आमच्या घरात आणि धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या बाजूला न्यायमूर्ती रानडे, न्यायमूर्ती तेलंग आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकर संस्कृतचे गाढे पंडित. त्यांनी शास्त्रांतलेच आधार काढून दाखवलं की कायद्यानं धर्म बुडत नाही.

मला दोन्ही बाजूंचे लेख वाचताना एक गोष्ट टोचली. मोठमोठी माणसं सोळा दिवसांचा मुहूर्त, राणीचा जाहीरनामा, परकी सत्ता यावर पानंच्या पानं लिहीत होती. ज्या अकरा वर्षांच्या पोरीमुळं हे सुरू झालं, तिला किती दुखलं असेल हा विषय फार थोड्यांच्या लेखणीत आला. तो आला त्या बाई-डॉक्टरांच्या अर्जात, कारण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झालं. संमतिवय बारा झालं, लग्नात आणि लग्नाबाहेरही. पण जाता जाता सरकारनं पाऊल आखडतं घेतलं. गुन्हा नवऱ्याचा असेल तर साध्या पोलिसानं तपास करायचा नाही, जिल्हा मॅजिस्ट्रेटसारख्या वरच्या अधिकाऱ्यानंच प्रकरण हाती घ्यायचं, असा नियम केला. तालुक्याच्या गावातली बारा वर्षांची मुलगी जिल्ह्याच्या साहेबापर्यंत कशी पोहोचणार, हे कुणी विचारलं नाही. कायदा झाला आणि कपाटात गेला.

पुढची चौतीस वर्षं वय बारावरच राहिलं. मग नागपूरचे हरिसिंग गौर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयकं आणली, ती पडली. अखेर १९२५ साली सरकारनंच बदल केला: परक्या माणसासाठी चौदा, नवऱ्यासाठी तेरा. इथं पहिल्यांदा दोन वेगळी वयं झाली. म्हणजे तेच शरीर, तीच पोर, पण घराच्या आत एक वय आणि घराच्या बाहेर दुसरं. ही फट पुढं किती रुंद होत गेली ते बघालच.

आता बायका स्वतः बोलू लागल्या होत्या. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. जमल्या होत्या मुलींच्या शिक्षणावर बोलायला. पण शिक्षणावर बोलायचं तर मुलगी शाळेत टिकली पाहिजे, आणि दहाव्या वर्षी लग्न झालं तर टिकणार कशी? त्यामुळं बालविवाहाचा विषय त्यांच्या अजेंड्यावर आलाच.

१९२८ साली सरकारनं संमतिवय समिती नेमली. अध्यक्ष आपल्या अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. समितीत रामेश्वरी नेहरू होत्या, एक स्त्री-डॉक्टरही होत्या. या मंडळींनी देशभर फिरून साक्षी घेतल्या, प्रश्नावल्या पाठवल्या. १९२९ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, १८९१चा कायदा लोकांना माहीतच नाही. अडतीस वर्षं झाली तरी खेड्यात त्याचा पत्ता नव्हता.

दुसरी, वयाचा पुरावा नसतो. त्यामुळं जन्माची आणि लग्नाची नोंद व्हायला हवी.

तिसरी, वय वाढवा: लग्नाबाहेर अठरा, लग्नात पंधरा. लग्नातल्या गुन्ह्याला बलात्कार न म्हणता वेगळं, सौम्य नाव द्यावं, असंही समितीनं सुचवलं. इथंही घराचं दार अर्धंच उघडलं.

त्याच साली हरबिलास सारडा यांच्या विधेयकाचा कायदा झाला. मुलीचं लग्न चौदाच्या आत आणि मुलाचं अठराच्या आत करणं गुन्हा ठरला. १ एप्रिल १९३० पासून लागू. कायदा मंजूर झाला आणि लागू व्हायला सहा महिने होते. त्या सहा महिन्यांत लोकांनी काय केलं असेल? पाळण्यातल्यासुद्धा पोरींची लग्नं उरकून घेतली. १९३१च्या जनगणनेत लग्न झालेल्या लहान मुलींचा आकडा वाढलेला दिसला. शिवाय शिक्षा किरकोळ, आणि झालेलं लग्न कायम.

पुढं संमतिवय सोळा झालं, नवऱ्यासाठी पंधरा. १९४९ साली लग्नाचं किमान वयही मुलीसाठी पंधरा केलं गेलं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येते. आजी, तुमचं लग्न १९५७ सालचं. तेव्हा मुलीचं लग्न पंधराच्या आत लावणं गुन्हा होता. पंधराच्या आतल्या बायकोला नवऱ्यानं हात लावणं कायद्याच्या पुस्तकात बलात्कार होता. म्हणजे कायदा होता, आजी. तुमच्यापर्यंत तो कुणी आणला नाही. तुमच्या वडिलांना, भटजींना, पाटलाला, न्हाणाच्या ओटीला आलेल्या आयाबायांना, कुणालाच तो सांगावासा वाटला नाही किंवा त्यांनाही माहीत नव्हता. जोशी समितीनं १९२९ला जे लिहिलं, ते १९५७लाही तसंच होतं. मला वाटतं, सरकार झोपलं होतं का या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. सरकारनं कागद लिहिला आणि मग झोपलं.

आता आपल्याच राज्यातली गोष्ट. मार्च १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मोलमजुरी करणारी, आईबाप नसलेली एक आदिवासी मुलगी रात्री पोलीस चौकीत आणली गेली आणि तिथंच पोलिसानं तिच्यावर अत्याचार केला अशी तक्रार झाली. तो खटला तिच्या नावानं देशभर ओळखला जातो. मी नाव घेत नाही, कारण पुढं कायद्यानंच शिकवलं की अशा मुलीचं नाव जाहीर करू नये.

डॉक्टरांनी तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितलं. संमतिवय सोळा होतं. ती सोळाच्या आतली आहे हे सिद्ध झालं असतं, तर संमतीचा प्रश्नच आला नसता. पण सत्र न्यायालय म्हणालं, ती सोळाच्या आतली असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. जन्माचा दाखला नाही. बघा, जोशी समितीनं सांगितलेली दुसरी गोष्ट इथं कशी येऊन उभी राहिली. मग चर्चा सुरू झाली तिच्या संमतीची, तिच्या वागणुकीची. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणून.

१९७९च्या सप्टेंबरमध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्यांनी विचारलं की दोन पोलिसांच्या पुढ्यात, रात्री, चौकीत, गरीब पोरीचं गप्प बसणं म्हणजे होकार कसा? १९८०च्या ८ मार्चला मुंबईसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी अत्याचार झाला आणि बाई संमती नव्हती म्हणाली, तर कोर्टानं ते मानून चालायचं. सुनावणी बंद दाराआड. नाव छापायला बंदी. बारा वर्षांच्या आतल्या मुलीवरच्या अत्याचाराला किमान दहा वर्षं शिक्षा. पण त्याच दुरुस्तीत नवरा असेल आणि बायको बारा ते पंधराच्या मधली असेल, तर जास्तीत जास्त दोन वर्षं. ती फट रुंदच झाली.

आणि मुलगे? त्यांच्याबद्दल तर इतका वेळ मी बोललेच नाही, कारण कायदाही बोलत नव्हता. बलात्काराचं कलम फक्त मुलीबाईसाठी. विनयभंगाचं कलमही स्त्रीसाठीच. मुलग्यावर अत्याचार झाला तर अनैसर्गिक कृत्याचं ३७७ कलम, एवढंच. ही उणीव उघडी पडली गोव्यात.

१९९१ साली मडगावात फ्रेडी पीट नावाच्या माणसाला अटक झाली. तो अनाथ मुलांसाठी आश्रम चालवायचा, लोक त्याला परोपकारी समजत. त्याच्याकडे मुलांचे २,३०५ फोटो सापडले. परदेशी पर्यटकांना मुलं पुरवली जात होती. पत्रकार शीला बारसे यांनी हे प्रकरण लावून धरलं. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पण खटला चालवताना लक्षात आलं की फोटो काढणं, मुलांना पुरवणं, नको तिथं हात लावणं, या एकेका कृत्याला कायद्यात धड नाव नाही.

मग गोवा राज्यानं स्वतःचा कायदा केला. गोवा बाल कायदा, २००३. फौजदारी कायदा हा विषय आपल्या राज्यघटनेत केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत आहे, म्हणून राज्याला असं करता येतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे वेगवेगळे प्रकार नावानिशी लिहिणारा हा आपल्या देशातला फार महत्त्वाचा कायदा. त्यात मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. घरातल्या नात्यातल्या माणसानं केलेला अत्याचार वेगळा नोंदवला. हॉटेलवाल्यांवर जबाबदारी टाकली: मूल आपल्या घरच्या माणसांबरोबर नोंद केलेलं नसेल तर त्याला खोलीत जाऊ द्यायचं नाही. फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्याला असे फोटो दिसले तर त्यानं पोलिसांना कळवायचं. आणि मुलांच्या खटल्यांसाठी वेगळं बाल न्यायालय. मुलाचा माग घेणारा माणूस कुठून कुठे जातो, याचा विचार करून एकेक दार अडवलं होतं. या छोट्या राज्यानं देशाच्या आधी नऊ वर्षं हे केलं.

२००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यं, १२,४४७ मुलं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. आणि अत्याचार करणाऱ्यांत ओळखीचे, विश्वासातले लोक फार मोठ्या संख्येनं होते. आपण मुलांना सांगत असतो, अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको. धोका बऱ्याचदा खाऊ घेऊन दारातून आत आलेल्या काकामामाचा असतो.

या सगळ्यातून २०१२ साली पॉक्सो आला. १४ नोव्हेंबर २०१२, बालदिनापासून लागू. अठराच्या आतलं प्रत्येक मूल, मुलगा असो मुलगी असो. १८६०चे दहा, २०१२चे अठरा. आठ वर्षं वर चढायला दीडशे वर्षं लागली.

पॉक्सोनं वय वाढवलंच, शिवाय कोर्टाची रीत बदलली. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, आणि अंगावर गणवेश नको. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, आई किंवा विश्वासातलं माणूस जवळ हवं. आरोपी समोर दिसू नये. मुलाला साक्षीसाठी परत परत बोलवायचं नाही. शक्यतो वर्षाच्या आत खटला संपवायचा. आणि गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा. देसाईगंजच्या त्या मुलीला यातलं काहीही मिळालं नव्हतं.

तरीही घराचं दार बंदच होतं. पॉक्सो म्हणे अठरा. दंड संहितेतला जुना अपवाद म्हणे, बायको पंधराची असली की चालेल. सतरा वर्षांची मुलगी शेजाऱ्यापासून सुरक्षित, पण नवऱ्यापासून नाही. एका संस्थेनं सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि ११ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर व दीपक गुप्ता यांनी निकाल दिला: अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हाही बलात्कार. कर्नाटकानं बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवणारी दुरुस्ती केली होती, तिचं कोर्टानं कौतुक केलं आणि इतर राज्यांनीही तसं करावं असं सुचवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या अपवादात आता अठराच लिहिलं आहे. १९२५ साली पडलेली फट अशी बुजायला ब्याण्णव वर्षं लागली. अठराच्या पुढच्या बायकोसाठी तो अपवाद अजून आहेच.

कायदा लिहून झाला तरी त्याचा अर्थ लावायला माणसंच असतात. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठातून असा निकाल आला की कपड्यावरून स्पर्श केला, त्वचेला त्वचा लागली नाही, तर पॉक्सोतला लैंगिक हल्ला होत नाही. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. स्पर्शामागचा हेतू पाहायचा, कापड नाही. तुमच्या-माझ्यासारख्या कुठल्याही आईनं हे एका वाक्यात सांगितलं असतं.

एक अवघड प्रश्नही सांगते, तो झाकून उपयोग नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरगी आपल्याच वयाच्या पोराबरोबर आपल्या मर्जीनं निघून जाते आणि आईबाप पॉक्सो लावतात. पोरगा तुरुंगात, पोरगी घरात कोंडलेली. काही पोरी दिवस गेले तरी भीतीनं दवाखान्यात जात नाहीत, कारण डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा वेळी डॉक्टरनं मुलीची ओळख उघड करण्याची गरज नाही. २०२३ साली कायदा आयोगानं अठराचं वय खाली आणू नये, पण सोळा ते अठरामधल्या मर्जीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्य बाळगता यावं, असं सुचवलं. हा वाद चालू आहे आणि तो आपणही ऐकला पाहिजे. ज्या कायद्यासाठी इतक्या पोरींनी किंमत मोजली, त्याचा उपयोग आपल्याच पोरीला धाक घालायला करायचा का, हे प्रत्येक घरानं स्वतःला विचारावं.

आणि इकडे ऊसतोडीला जाताना पोरीला मागं कुणाकडे ठेवायचं म्हणून तिचं चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न उरकणारे आईबाप आजही आहेत. ते राक्षस नाहीत. पोरीच्याच काळजीनं ते हे करतात. पण ज्या भीतीपोटी तिचं लग्न लावतात, तीच गोष्ट लग्नाच्या नावाखाली तिच्या वाट्याला येते.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. मूल काही सांगू लागलं तर पहिल्यांदा त्याचं ऐका. ‘तू तिथं गेलीसच कशाला’ असं विचारू नका. ‘बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. आणि १०९८ हा नंबर लिहून घ्या. मुलांसाठीची ही मदतवाहिनी आहे, फोन फुकट लागतो. दुसरं, जन्माचा दाखला. घरातल्या प्रत्येक पोराचा, विशेषतः पोरींचा, दाखला काढलेला आहे का ते आज रात्री पाहा. पुस्तकात अठरा लिहिलेलं आहे. पण ती अठराच्या आतली आहे हे सांगणारा कागद आपल्या पेटीत असावा लागतो.

आजी, तुम्ही फोन केलात म्हणून हे सगळं शोधलं. तुमच्या गल्लीत, शेतावर, भिशीत ज्या बायका भेटतील, त्यांना एवढं सांगा की कायदा आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून त्यांना ते जास्त पटेल.